थंबहोल दस्ता आणि स्पर्धात्मक रायफल नेमबाजी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये लष्करी रायफल व मुक्त रायफल असे दोन स्वतंत्र प्रकार होते. लष्करी दस्ता असंख्य सैनिकांसाठी एकाच मापाने घडविलेला असे. मुक्त रायफलीत तो नेमबाजाच्या शरीरानुसार बदलत गेला. थंबहोल दस्ता हे याच प्रक्रियेचे फलित होय.

उपयुक्तता : सरळ दस्त्यावर अंगठा वरून आडवा टेकतो व मनगट वाकते. थंबहोल दस्त्यात अंगठा छिद्रातून पलीकडे जातो व मूठ जवळजवळ उभी राहते. परिणामी मनगटावरील ताण घटतो, हात प्रत्येक वेळी त्याच जागी बसतो आणि चाप सरळ मागे ओढला जातो. ५० मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असल्याने ही एकसारखी पकड निर्णायक ठरते.

नियम आणि समानता : मुक्त रायफलीत या दस्त्यास मुभा होती, प्रमाण रायफल व १० मीटर एअर रायफलीत मनाई. १९७६ साली मॉन्ट्रियल येथे मार्गारेट मर्डॉक यांनी पुरुषांसमवेत खेळून ५० मीटर तीन स्थिती प्रकारात रौप्यपदक मिळविले. तथापि १९८४ मध्ये महिलांसाठी सुरू झालेला स्वतंत्र प्रकार प्रमाण रायफलीचा होता. अर्थात, स्वतंत्र स्थान मिळताना साधनाचे स्वातंत्र्य मात्र संकुचित झाले.

निष्कर्ष : दस्त्याची उपयुक्तता शरीररचनेवर अवलंबून असली, तरी तिचा लाभ कोणास मिळावा हे नियमांनी ठरविले. म्हणून क्रीडासाधनांचा इतिहास हा समान संधीचाही इतिहास ठरतो.