नेत्यावर आरोप झाला की आपण काय करतो?



मागच्या निवडणुकीच्या वेळची गोष्ट. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला आणि चहाबरोबर राजकारण निघालं. आमच्यातली एक जण म्हणाली, "अमक्या पुढाऱ्यानं सभेत आमच्या जातीवरून टोमणा मारला. मी तिथंच बसले होते." झालं! एकीनं म्हटलं, "गमतीनं बोलले असतील." दुसरी म्हणाली, "आपल्या गावचा रस्ता त्यांनीच केला ना?" तिसरी म्हणाली, "आधी तुमचा पुढारी काय बोलला ते आठवा." पाच मिनिटांत तो टोमणा राहिला बाजूला आणि ज्या बाईनं सांगितलं तीच गुन्हेगार ठरली. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. हप्ता मुलीच्या हाती पाठवला.

पुढाऱ्याचं काय व्हायचं ते होवो, पण आमच्या गटातली एक बाई तुटली होती. ते मला लागलं. म्हणून आज तीन जुन्या गोष्टी सांगते. एक विलायतेची, एक मुंबईची आणि एक आपल्या बुलढाण्याची. पहिली रंगाची आहे, दुसरी जातीची, तिसरी बाईपणाची. तिन्ही एकच नाहीत. पण माणसाचं मोल त्याच्या जन्मावरून ठरवायचं, ही खोड तिन्हींत आहे. महात्मा फुल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या माणसांना गुलामीतून सोडवणाऱ्या तिथल्या लोकांना त्यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं. इथल्या जातीचं दुःख आणि तिथल्या रंगाचं दुःख त्यांना शेजारी शेजारी दिसत होतं.

आता पहिली गोष्ट. दादाभाई नौरोजी हे नाव आपण शाळेत वाचलेलं असतं. मुंबईचे पारशी गृहस्थ. तरुणपणी मुंबईत मास्तर होते आणि १८४९ साली तिथं मुलींच्या शाळा सुरू करणाऱ्यांत त्यांचा पुढाकार होता. पुढे ते विलायतेत गेले आणि इंग्रज सरकार हिंदुस्थानातला पैसा कसा ओढून नेतं, हे आकडे मांडून सांगू लागले. तिथल्या पार्लमेंटात बसूनच हे सांगावं म्हणून १८८६ साली लंडनच्या होल्बर्न मतदारसंघातून ते उभे राहिले आणि पडले. त्यांना १९५० मतं पडली, समोरच्या कर्नल डंकनला ३६५१.

दोन वर्षांनी तिथं पोटनिवडणूक झाली. हुजूर पक्षाचाच माणूस पुन्हा निवडून आला, पण आधीपेक्षा कमी मतांच्या फरकानं. त्या पक्षाचे नेते आणि देशाचे पंतप्रधान होते लॉर्ड सॉल्सबरी. ३० नोव्हेंबर १८८८ रोजी एडिंबरोच्या सभेत त्यांनी या कमी फरकाचं कारण सांगितलं. कारण असं, की मागच्या वेळी आपल्यासमोर एक काळा माणूस उभा होता, आणि इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतके पुढे गेले आहेत असं मला वाटत नाही. सभेत हशा पिकला.

दादाभाईंचं नावही त्यांनी घेतलं नाही. नुसतं 'काळा माणूस'. त्यावर विलायतेत आणि इथेही मोठा गदारोळ झाला. मग पंतप्रधानांच्या बाजूनं उत्तरं यायला लागली. नीट ऐका, ओळखीची वाटतील. एक उत्तर असं, की साहेबांनी मतदारांचं मन कसं आहे तेवढंच सांगितलं, स्वतःचं मत दिलं नाही. दुसरं उत्तर खुद्द साहेबांचं. काळा म्हणणं म्हणजे तुच्छ लेखणं नव्हे, असं ते म्हणाले. पण त्याच दमात हेही म्हणाले, की आमचं पार्लमेंट फार नाजूक यंत्र आहे, ते इथं जन्मलेल्यांनीच चालवावं.

पहिलं उत्तर वरवर खरं वाटतं. मतदारांच्या मनात भेद होताच. पण पंतप्रधानांनी तो भेद दूर करा असं म्हटलं नाही. त्यावर विनोद केला आणि लोकांना हसवलं. आहे ते सांगणं वेगळं आणि आहे त्याला टाळी मिळवणं वेगळं.

आता दुसरी बाजू. दादाभाईंचे काही पाठीराखे काय म्हणाले? ते म्हणाले, दादाभाई कुठे काळे आहेत? ते तर सॉल्सबरींपेक्षाही गोरे आहेत! टोला चांगला होता, लोक त्यावरही हसले. पण विचार करा बायांनो. दादाभाई खरंच सावळे असते तर? मग तो अपमान बरोबर ठरला असता का? बचाव करणाऱ्यांनी माणसाला वाचवलं, पण काळं म्हणजे हलकं हे मात्र मान्यच करून टाकलं. आपणही हेच करतो. कोणी कोणाला जातीवरून बोललं की आपण मायेनं म्हणतो, "अगं, ती तशी वाटत नाही, आपल्यासारखीच स्वच्छ राहते." आपल्याला वाटतं, आपण तिची बाजू घेतली. तिला काय वाटलं असेल?

पुढे काय झालं तेही सांगते. त्या एका शब्दामुळे दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं. जानेवारी १८८९ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या सन्मानाची मेजवानी झाली. पण उदारमतवादी म्हणवणाऱ्या त्यांच्याच पक्षातल्या काहींनी सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघात त्यांच्या विरोधात दुसरा इच्छुक उभा केला होता आणि तो वाद बराच काळ रेंगाळला. म्हणजे समोरच्या पक्षाला भेद करणारे म्हणायचं आणि आपल्या घरात मात्र तोच भेद चालू द्यायचा. त्या वेळी तिथल्या बायकांना पार्लमेंटसाठी मतही देता येत नव्हतं. तरी आजाऱ्यांची शुश्रूषा करून नाव मिळवलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी दादाभाईंना पाठिंबा कळवला. १८९२ साली दादाभाई निवडून आले, अवघ्या ५ मतांनी!

आणि गंमत बघा. १८९५ साली सॉल्सबरींच्याच हुजूर पक्षानं मुंबईच्याच मंचरजी भावनगरी यांना लंडनमधून उभं केलं आणि ते निवडून आले. ज्या पक्षाच्या सभेत सात वर्षांपूर्वी हशा पिकला होता, त्याच पक्षाच्या मतदारांनी एका हिंदी माणसाला मतं दिली. यावरून मी एक धडा घेते. एखाद्या पुढाऱ्याला मत देणारे सगळेच त्याच्यासारखे, असा शिक्का मारू नये. कोणी भावासाठी मत देतं, कोणी रस्त्यासाठी, कोणी घरातल्यांच्या सांगण्यावरून. मत दिलं हा गुन्हा नाही. पण टोमणा ऐकल्यावर आपण हसलो की गप्प बसलो की बोललो, ते मात्र ज्याचं त्याचं. ते पुढाऱ्यावर ढकलता येत नाही.

दुसरी गोष्ट जरा जड आहे, कारण यातला नेता परका नाही. २३ आणि २४ मार्च १९१८. मुंबईत अस्पृश्यता निवारणाची मोठी परिषद भरली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. मेहनत होती महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची. त्यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं होतं आणि अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांत राहून काम केलं होतं. परिषदेला लोकमान्य टिळक आले. मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढून आलेले, देशाचे सगळ्यात मोठे पुढारी. ते म्हणाले, देवाला अस्पृश्यता चालत असेल तर मी त्याला देव मानणार नाही. त्या काळात हे म्हणणं लहान नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग एक जाहीरनामा पुढे आला. मी माझ्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही, अशी ती प्रतिज्ञा होती. पुष्कळांनी सह्या केल्या. टिळकांनी केली नाही. अनुयायांनी त्यांना अडवलं, असं सांगितलं जातं.

तेव्हापासून हा वाद चालू आहे. टिळकांना मानणारे म्हणतात, स्वराज्याची लढाई मोठी होती, सनातनी लोकही बरोबर ठेवायचे होते, एका सहीवरून माणसाला तोलू नका. विचारणारे म्हणतात, देवाला नाकारायला तयार झालेला माणूस सहीला का थांबला? दोघांचंही ऐकावं. टिळकांचा तुरुंगवास खरा आहे, भाषण खरं आहे आणि न केलेली सहीही खरी आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

पण आपण गटातल्या बाया. सहीचं मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. तोंडच्या शब्दावर आपण पाचशे रुपयेही देत नाही. ठराव लिहायचा, वाचून दाखवायचा, खाली सही करायची, मगच पैसे. कारण शब्द हवेत जातो आणि सही माणसाला बांधून ठेवते. भाषणात देव आला होता. प्रतिज्ञेत घरातलं माठ, विहीर, पंगत येणार होती. ज्यांना विहिरीवर पाणी मिळत नव्हतं त्यांना भाषण नको होतं, ती सही हवी होती. नऊ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर लोकांना घेऊन जावं लागलं. तळं सगळ्यांना खुलं, असा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. तो पाळला जात नव्हता, एवढंच.

आणि आता आपली गोष्ट. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथं डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कामाला होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बाळाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. तेव्हा वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांच्या चालचलणुकीवर ताशेरे निघाले. ताराबाईंना ते सहन झालं नाही. १८८२ साली त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापून निघालं. बाईवर लावता ते सगळे दोष तुमच्यात नाहीत का, असं त्यांनी पुरुषांना रोखठोक विचारलं. मोठमोठ्या सुधारकांनाही सोडलं नाही.

पुस्तकावर टीका झाली. नुसत्या विरोधकांनी केली असती तर नवल नव्हतं, पण सत्यशोधक चळवळीतल्याच काही पुरुषांना ते झोंबलं. समतेचं बोलणारे हे लोक बाईचा आरोप ऐकून नाक मुरडू लागले. इथं महात्मा फुल्यांची परीक्षा होती. आपली माणसं, आपली चळवळ. सांभाळून घेता आलं असतं. गमतीनं बोलले, म्हणता आलं असतं. फुल्यांनी तसं केलं नाही. १८८५ साली 'सत्सार' या आपल्या पत्रिकेत त्यांनी ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली आणि आपल्याच माणसांना छापून सुनावलं.

तीन नेते पाहिले. एकानं भेदावर लोकांना हसवलं. एकानं भेदाविरुद्ध मोठं बोलून सही राखून ठेवली. एकानं आपल्याच पाठीराख्यांना जाब विचारला. फुल्यांचं नाव त्यामुळे लहान झालं नाही. आणि तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक कधी आलं नाही. पहिलंही लोक विसरून गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठं नव्या पिढीला त्या कळल्या. मधे नव्वदच्या वर वर्षं गेली. सांगणारीचं तोंड बंद झालं तर किती काळ वाया जातो, ते बघा.

सोयाबीन विकायला नेलं की पोतं ठेवायच्या आधी आपण काटा शून्यावर आहे का ते बघतो. नेत्यावर आरोप झाला की तेवढंच करायचं. नेमका शब्द काय होता, कोणी ऐकला, हे आधी विचारायचं. आरोप झाला म्हणजे सिद्ध झाला असं नाही, आणि तो आपल्या आवडत्या नेत्यावर आहे म्हणून खोटा असंही नाही. मग नेत्यानं पुढे काय केलं ते बघायचं. चूक मानली, की ऐकणाऱ्यालाच हळवं ठरवलं? आणि शेवटी स्वतःला विचारायचं, की हाच शब्द दुसऱ्या पक्षाचा पुढारी माझ्या जातीबद्दल बोलला असता, तर मी गंमत म्हणाले असते का? रस्ता केला असेल तर त्याचं श्रेय द्यायचं. पण रस्त्याच्या वजनात टोमणा घालून दोन्ही एकदम तोलायचे नाहीत.

आम्ही दोघी जणी त्या बाईच्या घरी गेलो. म्हटलं, "बाई, तुझं बोलणं अर्धंच राहिलं. आम्ही ऐकून घेतलं नाही, आमचं चुकलं." पुढच्या बैठकीला ती आली. सगळं सांगितलं, मधे कोणी बोललं नाही. मतदान कोणी कोणाला केलं ते मला ठाऊक नाही, विचारलंही नाही. पण त्या दिवशी वहीवर तिनं स्वतः सही केली.

तुमच्याही गटात एखादी बाई मधेच गप्प झाली असेल. तिला विचारा.