अरिष्ट, ऊष आणि बाळोतीं

वस्त्रांच्या इतिहासांत शालू, पैठणी व पागोटें यांस मानाचें स्थान मिळालें. बाळोत्याची मात्र कोणीं विचारपूस केली नाहीं. तें साहजिकच आहे. जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा तुकडा बाळोतें होऊन अगदीं विरेपर्यंत वापरला जाई. संग्रहालयांत यावयास तो उरतो कोठें? परंतु साबणाचा प्रसार होण्यापूर्वीं तान्ह्या मुलांचीं वस्त्रें कशानें धूत असत, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. हल्लीं पुष्कळ घरीं झबलीं-दुपट्यांस रिठ्याचें पाणी पुन्हां वापरण्यांत येऊं लागलें आहे, आणि त्यास 'शास्त्राधार' असल्याचें सांगण्यांत येतें. तो आधार मूळ ग्रंथांत कितपत सांपडतो, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. त्यांतील १२० व्या श्लोकांत रेशीम व लोंकर यांस ऊष, कुतपास अरिष्टक, अंशुपट्टास श्रीफल आणि क्षौमास पांढरी मोहरी, अशी वांटणी केलेली आहे. टीकाकार कुल्लूकभट्ट ऊष म्हणजे खारी माती, श्रीफल म्हणजे बेलफळ आणि कुतप म्हणजे नेपाळी कांबळें असा अर्थ करितो. याज्ञवल्क्यानें हीच वांटणी स्वीकारिली असून लोंकर व रेशीम यांच्या बाबतींत ऊषाबरोबर पाणी आणि गोमूत्र हीं अधिक सांगितलीं आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली, आणि कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य यानें आपली विस्तृत टीका लिहिली. ही दुसरी आनंदाश्रमानें १९०३-०४ सालीं दोन भागांत छापिली आहे. तेव्हां हें प्रकरण आमच्या प्रांतांतील विद्वानांच्या नित्य परिचयाचें होतें, यांत शंका नाहीं.

तथापि या श्लोकांत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, येथें कापसाच्या वस्त्राचें स्वतंत्र नांव नाहीं, आणि बाळोतें तर बहुधा सुतीच असावयाचें. दुसरी ही कीं, रिठा येथें सांगितला आहे तो कांबळ्यास, तान्ह्या मुलाच्या कपड्यास नव्हे. म्हणून मनूचें वचन पुढें करून बाळोत्यांचा निर्णय करणें आम्हांस सयुक्तिक दिसत नाहीं.

मुलांच्या वस्त्रांविषयीं खरें वचन आहे तें वैद्यकांत. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत कुमाराचीं अंथरुणें-पांघरुणें मऊ, हलकीं, स्वच्छ व सुगंधी असावींत असें म्हटलें आहे. घाम, मळ किंवा जंतु असलेलीं व मलमूत्रानें बिघडलेलीं वस्त्रें टाकून द्यावींत. दुसरीं मिळण्यासारखीं नसतील तर तींच चांगलीं धुवून, धुरी देऊन, स्वच्छ व कोरडीं करून वापरावींत, असा त्याचा आशय आहे. हा 'नसतील तर' फार मोलाचा आहे. राजवाड्यांतील मुलाबरोबर गरिबाचें मूलहि ग्रंथकाराच्या डोळ्यांपुढें होतें, असें यावरून आम्हांस वाटतें. पुढें लगेच धुरीचीं द्रव्यें येतात: जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड, सापाची कात इत्यादि, तुपांत मिसळून. धुरीचीं इतकीं नांवें सांगणारा ग्रंथकार धुण्याचें द्रव्य मात्र एकहि सांगत नाहीं! १९३८ सालीं मुंबईस निर्णयसागरांत छापलेल्या, नेपाळांतील त्रुटित पोथीवरून प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेंत धूपकल्प नांवाचा स्वतंत्र अध्यायच आहे. बाळंतिणीच्या खोलींतील शेगडी, ओवा व वावडिंग यांची परंपरा किती जुनी आहे, तें यावरून कळून येईल.

म्हणजे धर्मशास्त्रांत द्रव्य आहे पण मूल नाहीं, आणि वैद्यकांत मूल आहे पण द्रव्य नाहीं.

व्यवहारांत हें अंतर कोण भरून काढी? गांवांत परीट होता, व तो बारा बलुतेदारांपैकीं एक. कौटिल्यानें चौथ्या अधिकरणांत धोब्यांविषयीं नियम दिले आहेत ते मनोरंजक आहेत: कपडे लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावर धुवावेत, अन्यत्र धुतल्यास नुकसानभरपाई व सहा पण दंड, मुद्गराची खूण नसलेलें वस्त्र धोब्यानें अंगावर घातल्यास तीन पण दंड. धोब्यानें कपड्यांवर खूण करण्याची चाल पुढें बिब्ब्याच्या रसावर आली. बिब्ब्याची खूण धुण्यानें जात नाहीं, पण त्या रसानें कातडी उततेहि. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांतील परदेशी शिपायांच्या मानेवर व पाठीवर उठणाऱ्या पुरळाचें मूळ या खुणेंतच सांपडलें. अशी खूण केलेलें वस्त्र तान्ह्या मुलाच्या अंगावर जाणें किती अनिष्ट, हें निराळें सांगावयास नको.

ऊषाविषयीं आमच्याजवळ उत्तम साधन आहे तें लोणारचें. ऐन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत लोणारच्या परिसरांत कांच व साबण यांस लागणारीं द्रव्यें मिळतात आणि सोऱ्यापासून सरकारास उत्पन्न होतें, असा उल्लेख आहे. तेथील सरोवराचें पाणी सोडियम कार्बोनेटामुळें अतिशय क्षारयुक्त आहे. उन्हाळ्यांत कांठीं जमणारे क्षार पूर्वीं काढून विकीत. तेव्हां साबण ही १८८८ सालीं कलकत्त्याच्या बंदरांत उतरलेल्या 'सनलाइट'च्या पेट्यांबरोबर आलेली वस्तु, ही समजूत सोडून दिली पाहिजे. गुरु नानक (१४६९-१५३९) यांच्या जपजींत मूत्रानें मळलेलें कापड साबणानें धुण्याचा दृष्टांत आहे. साबणाच्या इतिहासांत बाळोत्याच्या इतका जवळ जाणारा दुसरा जुना उल्लेख आमच्या पाहण्यांत नाहीं. पंजाबांत हा शब्द त्या काळीं दृष्टांतापुरता रुळलेला होता, यावरून तो फिरंग्यांकडून न येतां अरबी-फारसींतून आला, हेंच ठरतें.

आतां रिठ्याच्या गुणांविषयीं. त्याच्या सालींतील सॅपोनिन नामक द्रव्यामुळें फेस येतो व मळ सुटतो. त्याचें पाणी किंचित् आम्ल असतें, क्षार नव्हे. आणि हाच त्याचा खरा लाभ आहे. ओल्या बाळोत्यांत मूत्र कुजून अमोनिया होतो, क्षारता वाढते, व विष्ठेंतील पाचक द्रव्यें त्या योगें प्रबळ होऊन त्वचा सोलवटते. त्यांत राखेचें किंवा पापडखाराचें पाणी नीट न खंगाळतां राहिलें तर भरच पडावयाची. परंतु रिठ्यानें रोगजंतु मरतात असें समजूं नये. त्यास उकळतें पाणी व कडक ऊनच पाहिजे. काढलेलें पाणी फार दिवस टिकत नाहीं, आणि डोळ्यांत गेल्यास झोंबतें. चरकाचें 'कोरडीं करून' हें विशेषण धुरीपेक्षांहि अधिक महत्त्वाचें आहे, असें आमचें मत आहे.

याच प्रसंगीं एक सूचना करणें आवश्यक वाटतें. थोरल्या मुलाचे कपडे धाकट्यासाठीं ठेवतांना पूर्वीं वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला घालीत. त्या जागीं नॅफ्थालिनच्या गोळ्या आल्या. ज्या मुलांत जी-६-पी-डी नामक द्रव्याची जन्मतः उणीव असते, त्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वासानेंहि फुटून तीव्र कावीळ झाल्याचीं व मुलें दगावल्याचींहि उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. येथें जुनी रीतच निःसंशय बरी.

शेवटीं पोथ्यांच्या संग्राहकांस एक विनंति. अमरकोशांत 'अरिष्ट' हा शब्द फेनिल म्हणजे रिठा या अर्थीं आहे, कडुनिंब या अर्थीं आहे, आणि सूतिकागृह या अर्थींहि आहे. त्यामुळें घरगुती औषधांच्या बाडांत बाळंतिणीच्या प्रकरणीं हा शब्द आला असतां तिन्ही अर्थ संभवतात, व निंबाचा पाला, रिठ्याचें पाणी कीं नुसती खोली, याचा निर्णय आगच्या-मागच्या ओळींवांचून होत नाहीं. अशा बाडांतील किंवा बाळंतविड्याच्या यादींतील उतारे देतांना तो शब्द तेवढाच न टिपतां सबंध कलम, मागच्यापुढच्या कलमांसह, जसेंच्या तसें उतरून घ्यावें.