कोणता बदाम?

तुमच्या नंदुरबारच्या घरामागे बदामाचं झाड आहे ना? मोठ्या पानांचं, हिवाळ्यात लालभडक होऊन गळणारं? तो देशी बदाम, टर्मिनालिया कटाप्पा. आपल्या सातपुड्यातल्या ऐन-हिरड्याचा सख्खा भाऊ. दुकानातला बदाम गुलाबाच्या कुळातला. त्याला फुलण्याआधी दीर्घ थंडी लागते, ती आपल्याकडे पडत नाही.

इतिहासात हे कशाला? सांगतो. १७व्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सुरत–बुऱ्हाणपूर वाटेने नवापूर, नंदुरबार करत गेला. गुजरातेत सुट्ट्या नाण्यांऐवजी बदाम चालतात, पैशाला कधी ३५, कधी ४०, असं त्याने नोंदवलंय. मी उत्साहात टिपणात लिहून मोकळा झालो: ‘स्थानिक झाडाची फळं चलनात.’

चुकलंच. मूळ मजकुरात ‘कडू’ हे विशेषण होतं, ते मी वाचून सोडून दिलं होतं. ते बदाम इराणातून येत, आणि कडू म्हणूनच कुणी खात नसे. आपल्या अंगणातला बदाम? पोरं दगडाने फोडून लगेच फस्त करतात. असलं चलन गल्लीत संध्याकाळपर्यंतही उरलं नसतं!