काचेच्या डब्यातला समुद्र: टाकीमागचा काळा कप्पा कुठून आला?

मागच्या जुलैमध्ये मी खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी घेतली. 'ऑल-इन-वन' म्हणतात ना, तसली. काच, लाइट, पंप, फिल्टर, सगळं एकाच डब्यात. तीस लिटरची. डेस्कवर मॉनिटरच्या बाजूला बरोब्बर मावली. शनिवारी पाणी आणि मीठ भरलं, बुधवारी दोन क्लाउनफिश आणले आणि अकराव्या दिवशी दोन्ही मेले. दुकानदार म्हणाला, "सुरुवातीला होतं असं, अजून एक जोडी घेऊन जा." आई म्हणाली, "दुसरे आणायच्या आधी हे का मेले ते तरी बघ."

मी आईचं ऐकलं. बघायला गेलो आणि थेट १८४६ मध्ये पोचलो. आजचा एपिसोड त्याचाच आहे. तुमच्यापैकी कोणी अशी टाकी घ्यायच्या विचारात असेल, तर कार्टमध्ये टाकायच्या आधी हे ऐका.

या टाक्यांचं एक वैशिष्ट्य आहे. मागच्या बाजूला एक काळी भिंत असते आणि तिच्यामागे अरुंद कप्पे. पाणी वरच्या फटींतून आत पडतं, स्पंजमधून, सिरॅमिकच्या तुकड्यांमधून जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत पुढे ढकलतो. विकत घेताना आपण पुढची काच बघतो, लाइट बघतो, ॲप आहे का ते बघतो. खरी टाकी मात्र मागची असते. तो चिंचोळा कप्पा तयार व्हायला दीडशे वर्षं लागली.

सुरुवात सिसिलीत झाली. जान व्हिलप्रो-पॉवर नावाची एक फ्रेंच बाई मेसिना शहरात राहायची. मूळची शिवणकाम करणारी. आर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचा एक भाऊबंद आपला शिंपला स्वतः बनवतो की दुसऱ्याचा ढापतो, यावर तेव्हा मोठमोठे विद्वान भांडत होते. हिने १८३२ मध्ये काचेच्या टाक्या करून घेतल्या, त्यात जिवंत आर्गोनॉट ठेवले आणि दाखवून दिलं की शिंपला तो स्वतःच बनवतो. पण समुद्र तिच्या दाराशी होता. पाणी बदलायचं तर बादली घेऊन जायचं. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, तेही समुद्राच्या काठावरच. माझा प्रश्न पुण्याचा आहे. समुद्र लांब असेल तर काय?

हाच प्रश्न लंडनमध्ये ॲना थिनला पडला. वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या एका मोठ्या धर्माधिकाऱ्याची ही बायको. १८४६ मध्ये ती टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असताना खडकावरचे जिवंत प्रवाळ तिच्या नजरेत भरले. तिने ते सुई-दोऱ्याने स्पंजला शिवले, बरणीत घातले आणि लंडनला आणले. आणलेलं समुद्राचं पाणी थोडंच होतं, ते जपून वापरायचं होतं. पाण्यात हवा मिसळली पाहिजे एवढं तिच्या लक्षात आलं. मग उपाय काय केला? उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं. रोज, अर्धा-पाऊण तास. हे काम अर्थातच मोलकरणीकडे. माझ्या टाकीतला पंप आठ वॅटचा आहे आणि घूं घूं आवाज करतो म्हणून मी त्याच्यावर वैतागतो. या धंद्यातला पहिला पंप म्हणजे एक बाई होती, तिचे हात भरून येत असणार. पुढे ॲनाने त्यात समुद्री वनस्पती घातल्या आणि तिचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले. आजही पहिल्या प्रयत्नात कोणाचे प्रवाळ तीन वर्षं जगले तर लोक त्याला गुरू मानतात.

त्याच सुमारास लंडनमधलाच रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनतज्ज्ञ गोड्या पाण्यावर प्रयोग करत होता. दोन गोल्डफिश, थोडी पाणवनस्पती. मासे कार्बन डायऑक्साइड सोडणार, वनस्पती ऑक्सिजन देणार, हिशोब मिटला. पण मिटला नाही. पानं कुजली, पाणी गढूळ झालं. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी स्वच्छ झालं. १८५० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि पुढे खाऱ्या पाण्यावरही तेच करून पाहिलं. 'संतुलित टाकी' ही कल्पना इथून लोकांच्या डोक्यात बसली. कल्पना सुंदर होती, फक्त तिच्यात एक मोठं भोक होतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

दरम्यान ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. झालं, ट्रेंड सुरू! ज्याला त्याला दिवाणखान्यात समुद्र हवा. कृत्रिम समुद्राचं पाणी कसं करायचं तेही गॉसने सांगितलं होतं: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड. आज आपण 'रीफ सॉल्ट' म्हणून बादलीभर पैसे देतो, त्याचा हा खापरपणजोबा.

लोक टोपल्या आणि छिन्नी-हातोडे घेऊन किनाऱ्यावर गेले आणि खडकांमधली डबकी ओरबाडून आणली. घरी आणलेले बहुतेक जीव मरायचे. मग परत जायचं, परत आणायचे. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मधल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की वडिलांच्या पुस्तकांनी ज्या किनाऱ्यांचं कौतुक केलं, तेच किनारे त्या पुस्तकांच्या वाचकांनी ओसाड केले आणि वडिलांना याचं दुःख होतं. हे वाचताना मला दुकानदाराचं ते वाक्य आठवलं. अजून एक जोडी घेऊन जा.

आता ज्या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो विल्यम ॲल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये त्याचं ॲक्वेरियमचं दुकान होतं, समुद्राचं पाणी आणि जीव तो रेल्वेने गावोगावी पाठवायचा. फॅड ओसरलं तसं दुकान बुडालं आणि तो सार्वजनिक मत्स्यालयं बांधायला लागला. १८६४ मध्ये हॅम्बुर्ग, १८७१ मध्ये लंडनचं क्रिस्टल पॅलेस. त्याने एक गोष्ट ओळखली होती. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांमध्ये जेवढं पाणी आहे, त्याच्या कित्येक पट पाणी खाली अंधाऱ्या हौदात ठेवायचं आणि ते सतत फिरवत राहायचं. वर काही बिघडलं, कोणी जास्त खायला घातलं, एखादा मासा मेला, तर ती घाण एवढ्या मोठ्या पाण्यात विरून जाते. आजचे हौशी लोक टाकीखाली जो 'संप' ठेवतात (कामगारांचा नव्हे, पाण्याचा) तो म्हणजे लॉइडचा हौद. ऑल-इन-वन टाकीमागचा कप्पा हे त्याच हौदाचं नातवंड, पण फारच आखडलेलं. क्रिस्टल पॅलेसमध्ये न दिसणारं पाणी जास्त होतं. माझ्या टाकीत मागच्या कप्प्यात जेमतेम चार लिटर मावतं.

आता ते भोक. मासे अमोनिया सोडतात आणि तो विषारी असतो. तो जातो कुठे? वनस्पती आणि गोगलगायी हे पूर्ण उत्तर नव्हतं. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळू आणि चुनखडीच्या थरातून हळूहळू झिरपू दिलं. पहिले वीस दिवस काहीच झालं नाही. मग अमोनिया गायब व्हायला लागला आणि नायट्रेट दिसायला लागलं. त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर ते थांबलं. म्हणजे हे काम जिवंत काहीतरी करत होतं. त्यावर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेतकी संशोधन केंद्रात पुढचं काम कोणी केलं असेल? रॉबर्ट वॉरिंग्टनने. तोच? नाही, त्याचा मुलगा, नावही तेच. हे दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगळे जीव ते करतात, हे या धाकट्याने दाखवलं. १८९० मध्ये विनोग्राड्स्कीने ते जीवाणू वेगळे काढले. बापाच्या टाकीत जे कमी पडत होतं ते मुलाला मातीत सापडलं. हे वाचलं त्या रात्री मला झोपच आली नाही, खरंच.

वीस दिवस, मंडळी. आणि मी शनिवारी पाणी भरून बुधवारी मासे सोडले होते. सिरॅमिकचे ते तुकडे कोरे करकरीत होते, त्यांच्यावर अजून कोणी राहायलाच आलं नव्हतं.

मधला बराच इतिहास मी सोडतोय. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंगने एका अमेरिकन मासिकात लिहिलं की फिल्टर-बिल्टर सोडा. जीवजंतूंनी भरलेला खडक समुद्रातून आणा, हवेचे बुडबुडे सोडा, ऊन येऊ द्या. त्या खडकाला आज 'लाइव्ह रॉक' म्हणतात. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी त्याला जोरदार लाइट आणि फेसातून घाण काढणारं स्किमर जोडलं आणि घरात प्रवाळ वाढायला लागले. २००० नंतर कंपन्यांनी हे सगळं आकसून एका डब्यात बसवलं. त्यात आणखी एक गोष्ट आकसली, ती म्हणजे पाणी. लॉइड असता तर हसला असता.

साधा हिशोब करा. समुद्राच्या पाण्यात हजारात पस्तीस भाग क्षार. तीस लिटरमधलं एक लिटर पाणी उडालं, मीठ मागेच राहिलं, की क्षारता छत्तीसच्या वर. दोन लिटर उडालं तर साडेसदतीस. एप्रिलमध्ये पंखा चालू ठेवून दोन दिवस गावाला गेलात की एवढं सहज होतं. शंभर लिटरच्या टाकीत तेच दोन लिटर उडाले तर आकडा छत्तीसच्याही आत राहतो. म्हणून नवशिक्याने छोटी टाकी घ्यावी हा सल्ला मला साफ उलटा वाटतो. डेस्कवर मावते म्हणून घेऊ नका. ऐंशी ते शंभर लिटर, भक्कम स्टँड, आणि मागच्या कप्प्यात हात जाईल एवढी रुंदी. दुकानात खरोखर हात घालून बघा, लाजू नका. पाणी आपोआप भरणारं यंत्र बसवायला जागा आहे का तेही विचारा. आणि वीज गेली की पंप बंद, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवा. सतत ओतत राहणारी मोलकरीण आता नाही.

आता लाइट. यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू अमेरिका-युरोपचे. तिथे महागडा लाइट प्रवाळांसाठी घेतात. आपल्याकडे २००१ पासून रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोडेही आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच. शिक्षा तीन ते सात वर्षं. 'लाइव्ह रॉक' म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा, त्यामुळे तोही नको. बाजारात गुपचूप मिळतं म्हणून घेऊ नका. मला हा नियम जाचक वाटत नाही, गॉसच्या किनाऱ्यांचं काय झालं ते आत्ताच ऐकलंत. सिरॅमिकचा बनवलेला खडक घ्या, लाइट साधा घ्या, वाचलेले पैसे मोठ्या टाकीत घाला. मासेही शक्यतो हॅचरीत वाढवलेले मागा. क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र आपल्याच सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलंय. समुद्रातून पकडलेला मासा आणायची गरजच नाही.

माझी तीस लिटरची टाकी आता मिठाचं पाणी कालवायला वापरतो. नव्वद लिटरची नवी टाकी हॉलमध्ये आली आहे. त्यात पाच आठवड्यांपूर्वी कोळंबीचा एक तुकडा टाकला, कुजून अमोनिया व्हावा म्हणून. आईने वासावरून घर डोक्यावर घेतलं होतं, आता तीच रोज सकाळी विचारते, "आज रंग काय आला रे?" काल रात्री टेस्ट केली. अमोनिया शून्य. नायट्राइट अजून जांभळा दाखवतंय, म्हणजे पहिले भाडेकरू आलेत, दुसरे यायचेत. टाकीत मासा एकही नाही. पाहुणे येतात, रिकामी काच बघतात आणि विचारतात, "यात आहे काय?"

नायट्राइट उतरलं की पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला सांगतो. भेटू.