इटालियन कॅथलिक विद्यार्थी महासंघ

इटालियन कॅथलिक विद्यार्थी महासंघ : इटलीतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना. मूळ नावातील आद्याक्षरांवरून ती ‘फूची’ या नावाने प्रसिद्ध आहे. स्थापना १८९६. फॅसिस्ट राजवटीच्या काळात राजकारणाबाहेर राहणे तिला भाग पडले. तथापि त्याच काळात तिच्यात घडलेल्या पिढीने पुढे इटालियन प्रजासत्ताकाच्या उभारणीत महत्त्वाचा वाटा उचलला.

इटलीने १८७० मध्ये रोम जिंकून घेतल्यामुळे पोप व इटालियन राज्य यांत वितुष्ट आले. कॅथलिकांनी संसदीय निवडणुकांपासून दूर राहावे, हा पोपचा आदेश १९१९ मध्ये पूर्णपणे मागे घेण्यात आला. त्याच वर्षी लूईजी स्तूर्त्सो या धर्मगुरूने स्थापन केलेला पॉप्युलर पक्ष फॅसिस्ट शासनाने १९२६ मध्ये विसर्जित केला. त्यामुळे कॅथलिक तरुणांना धार्मिक संघटनांचाच आधार उरला.

१९२५ मध्ये ईजीनो रीगेत्ती हे फूचीचे अध्यक्ष व जोव्हान्नी बात्तीस्ता मोंतीनी (नंतरचे पोप सहावे पॉल) तिचे धार्मिक मार्गदर्शक झाले. निदर्शनांऐवजी त्यांनी अध्ययनावर भर दिला. १९२७ मध्ये ‘स्तूदियुम’ ही प्रकाशनसंस्था निघाली. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक मारीतँ यांच्या एका ग्रंथाचा अनुवाद मोंतीनींनी स्वतः केला (१९२८).

लॅटरन करारान्वये (१९२९) राजकीय पक्षांपासून अलिप्त असलेल्या कॅथलिक संघटनांना मान्यता मिळाली होती. तरीही तरुणांच्या शिक्षणावर शासनाचाच अधिकार हवा, या भूमिकेतून मुसोलिनीने मे १९३१ मध्ये कॅथलिक युवक व विद्यार्थी संघटना बरखास्त केल्या. अकरावे पायस यांनी २९ जून रोजी काढलेल्या पत्रकात या मक्तेदारीचा निषेध केला. सप्टेंबरमधील तडजोडीने संघटना पुन्हा सुरू झाल्या. पण त्या बिशपांच्या नियंत्रणाखाली आल्या आणि फॅसिस्टविरोधी पक्षांत पूर्वी असलेल्यांना त्यांच्या नेतृत्वापासून वगळण्यात आले. या मर्यादा स्वीकारल्यामुळे फूचीला प्रतिकारसंघटना म्हणता येत नाही. मात्र शासनाच्या विद्यार्थी गटांबाहेर विचारविनिमयाची एक जागा तिने टिकवून धरली.

आल्दो मोरो (१९३९–४२) व जूल्यो आंद्रेऑत्ती (१९४२–४४) हे तिचे अध्यक्ष होते. तिच्यातूनच निघालेल्या पदवीधर चळवळीतील अभ्यासकांनी जुलै १९४३ मध्ये कामाल्दोली येथील मठात भरलेल्या बैठकीत भावी अर्थव्यवस्था व राज्यव्यवस्था यांविषयी चर्चा केली; २५ जुलै रोजी मुसोलिनीची सत्ता कोसळली. २ जून १९४६ रोजी निवडलेल्या संविधानसभेत ५५६ पैकी २०७ जागा ख्रिस्ती लोकशाही पक्षाने मिळविल्या. मोरो व आंद्रेऑत्ती हे दोघेही तीत निवडून आले आणि मसुदा तयार करणाऱ्या ७५ जणांच्या आयोगात मोरोंचा समावेश झाला. १ जानेवारी १९४८ रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदाने माणसाचे अनुल्लंघनीय हक्क, एक व्यक्ती म्हणून तसेच सामाजिक समूहांचा घटक म्हणूनही, मान्य केले. त्यास साम्यवादी व समाजवादी सदस्यांचीही संमती होती. राज्य व समाजातील स्वायत्त संस्था यांच्या संबंधाचा १९३१ मध्ये उपस्थित झालेला प्रश्न अशा रीतीने लोकशाही मार्गाने सोडविण्यात आला.

मोरो व आंद्रेऑत्ती दोघेही पुढे पंतप्रधान झाले. मोरोंची १९७८ मध्ये ‘रेड ब्रिगेड्स’ या अतिरेकी संघटनेने हत्या केली. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांनी खिळखिळा झालेला ख्रिस्ती लोकशाही पक्ष १९९४ मध्ये संपुष्टात आला. मात्र संविधानाचा दुसरा अनुच्छेद मूळ स्वरूपात कायम राहिला.