मधुमेही दृष्टिपटलविकारावरील लेझर उपचार

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरतात, बुजतात किंवा तेथे नव्या ठिसूळ वाहिन्या फुटतात. त्यांना आवर घालण्यासाठी लेझरचे डाग देऊन पडदा नेमक्या जागी भाजण्याची ही पद्धत. चष्म्याचा नंबर घालवणारा लेझर वेगळा. तो बुबुळावर, हा थेट पडद्यावर.

भाजण्याची कल्पना लेझरहून जुनी आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ गेरहार्ट मायर-श्विकेराट यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस सूर्यप्रकाशाने आणि पुढे झेनॉन दिव्याने हे केले. नंतर आर्गॉन लेझर आला. आता 532 नॅनोमीटरचा हिरवा किंवा 577चा पिवळा झोत वापरतात.

रक्तपुरवठा तुटलेला पडदा ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन स्रवतो आणि त्याने नव्या वाहिन्या वाढतात. मधला पीतबिंदू वगळून कडेच्या पडद्यावर सुमारे 1,200 ते 1,600 डाग दिले, की प्राणवायूची मागणी घटते आणि वाहिन्या सुकतात. भूल थेंबांची, काम बहुधा दोन-तीन बैठकांत आटोपते. अमेरिकेतील ‘डायबेटिक रेटिनोपथी स्टडी’ने 1976 मध्ये दाखवले, की यामुळे गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो. मोबदल्यात रात्रीची आणि कडेची नजर थोडी जाते. गेलेली दृष्टी लेझर परत आणत नाही. म्हणूनच ‘लेझर मारून फायदा झाला नाही’ ही तक्रार बहुधा उशिरा आलेल्याची असते.

पीतबिंदूच्या सुजेवर 1985 पासून मोजके डाग देत. आता मध्यभागी सूज येऊन नजर कमी झाली असेल तर आधी डोळ्यात इंजेक्शन देतात. नव्या वाहिन्यांवरही रॅनिबिझुमॅब हे व्हीईजीएफ रोखणारे इंजेक्शन लेझरइतकेच उपयोगी असल्याचे 2015 मध्ये दिसले; मात्र ते पुनःपुन्हा घ्यावे लागते. कन्हानच्या खाणपट्ट्यातील पाळीवाल्या कामगाराला दर खेपेला नागपूरचे मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठायचे, तर दिवसाची मजुरी बुडते, आणि बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे सोबतीला माणूसही लागतो. खेपा चुकण्याची शक्यता असेल तेथे लेझरच अधिक भरवशाचा. रक्त डोळ्यात पसरून आतले दिसेनासे झाले किंवा पडदा ओढला गेला, तर शस्त्रक्रिया करावी लागते. तीतही आतून लेझर देतात.

टाइप 2 मधुमेहात निदान होताच, टाइप 1 मध्ये पाच वर्षांच्या आत आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी, नजर चांगली असली तरी, पडदा तपासून घ्यावा.