काटेरी तार आणि सान पेद्रोचा काठ

इलिनॉयचा शेतकरी जोसेफ ग्लिडन याला १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट मिळाले. पुढे अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळराने या तारेने विभागली गेली, मात्र नदीकाठ गुरांपासून राखण्यासाठीही तीच तार लावावी, हे पटायला जवळपास शतक जावे लागले. रखरखीत ॲरिझोनात गुरे पाण्याच्या व सावलीच्या ओढीने सान पेद्रो नदीलगतच रेंगाळत, कॉटनवुड (पॉप्लरच्या कुळातील वृक्ष) आणि वाळुंज यांची कोवळी रोपे खुडत आणि खुरांनी काठ ढासळवत, त्यामुळे जुनी झाडे उभी असली तरी त्यांची नवी पिढी वाढत नसे. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नदीचा सुमारे ६४ किलोमीटरांचा पट्टा संरक्षित केला आणि त्याच सुमारास बहुतांश चराई थांबली. काही वर्षांतच गवत-झुडपे दाटली आणि त्यांत घरटी करणारे पक्षी वाढले, ही खरोखर आनंदाची गोष्ट होय. अशा कुंपणाची रचना मात्र विचारपूर्वक करावी लागते: प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी उडी न मारता तारेखालून सरपटत जातो, म्हणून सर्वांत खालची तार बिनकाट्यांची, जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटरांवर ताणतात, आणि प्रवाह ओलांडताना कुंपणाचा तेवढा भाग लोंबता ठेवतात, जेणेकरून पुरात तो सुटावा आणि खांब शाबूत राहावेत.